सुई सोडली का?

"सुई सोडली का?" डॉक्टर खेडीकरांनी मान वर न करता विचारलं.

"सोडली साहेब. सालभर झालं." शालिकनं इतक्या सरळ चेहऱ्यानं उत्तर दिलं की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. आदल्या दिवशीच त्यानं माझ्याकडून नव्या सुया नेल्या होत्या.

"छान. आणि तुम्ही?"

देवमननं आधी माझ्याकडे पाहिलं, मग शालिककडे, मग डॉक्टरांकडे. "नाई साहेब. काल मारली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग माझ्याकडे कशाला आलात? आधी सुई सोडा. सहा महिने कोरडे राहून दाखवा, मग औषध देतो. फुकटचं आहे म्हणून उकिरड्यावर टाकायचं नसतं ते."

"डॉक्टर, दोघांनाही एकच आजार आहे," मी म्हटलं. "दोघांचे रिपोर्ट तुमच्या पुढ्यात आहेत."

"लोणारेबाई, आजार एकच आहे, पण माणसं दोन आहेत. एकानं सुधारायचं ठरवलंय, दुसऱ्यानं नाही." एवढं बोलून त्यांनी शालिकच्या नावानं गोळ्यांची डबी लिहिली आणि घंटी वाजवली.

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केली होती. तिचा खरा उपयोग मला त्या खोलीत कळला.

तेव्हा मी एका संस्थेचं केंद्र चालवत होते. आमचं गाव कोळशाचं, आणि केंद्र एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकासमोर, दोन खोल्यांचं. आत, त्या जिनिंगच्या आवारात, नशेची सुई टोचून घेणारी माणसं राहायची. मी त्यांना नव्या सुया द्यायची, जुन्या परत घ्यायची, जखमा धुवायची, रक्त तपासायची. गावात मला "सुया वाटणारी बाई" म्हणत. माझ्या सासूबाईंना याची फार लाज वाटे. त्या शेजारणींना मी दवाखान्यात आहे एवढंच सांगत आणि विषय बदलत. माझी जीभ तिखट आहे असंही त्या सांगत, आणि ते मात्र खरं होतं.

एकाच सुईनं दोघांनी घेतलं की एकाच्या रक्तातला हेपेटायटिस सी दुसऱ्याच्या रक्तात जातो. वर्षानुवर्षं काही कळत नाही, माणूस हिंडतो-फिरतो, आणि आतल्या आत यकृत कुजत राहतं. बोटातून थेंबभर रक्त घेऊन मी तपासलं तेव्हा शालिक आणि देवमन दोघांच्याही पट्टीवर दोन-दोन रेषा उमटल्या. मी त्यांना सांगितलं, घाबरू नका, याला आता औषध निघालंय, रोज एक गोळी, तीन महिने, आणि रोग मुळासकट जातो. मोठ्या सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. हे सांगताना मला केवढा आनंद झाला होता! माझ्या कामात चांगली बातमी सांगायची वेळ क्वचितच यायची.

पक्क्या तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात रक्त द्यायचं होतं, तर तिथल्या लॅबवाल्याला देवमनची शीरच सापडेना. दोन्ही हातांना टोचून झालं, मनगटाला झालं. "याच्यात रक्त हाये का राख हाये बे?" असं तो रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, आणि रांग हसली. शेवटी पायाच्या घोट्याजवळून रक्त निघालं. देवमन सगळा वेळ भिंतीवरचं कुटुंबकल्याणाचं चित्र बघत होता. एवढं सोसून तो डॉक्टरांच्या खोलीपर्यंत पोचला होता, आणि एका खऱ्या उत्तरानं बाहेर पडला.

बाहेर हातगाडीवर त्यांनी एक प्लेट तर्री-पोहे घेतले. देवमननं चमच्यानं मधोमध रेघ मारली, आणि शालिकनं एक बाजू घेतली. हा त्यांचा नियम मला ठाऊक होता. जो वाटतो त्यानं मागून घ्यायचं, म्हणजे वाटणाऱ्याचा हात वाकडा जात नाही. बिस्किट असो, बिडी असो, नाहीतर नशेची पुडी, त्यांची वाटणी अशीच व्हायची. शालिक डोंगरवार इथलाच, कोळशाच्या ट्रकवरचा क्लीनर. देवमन उईके जंगलातल्या एका गोंड पाड्यातून वॅगन भरायच्या कामावर आलेला. दोघांना घर म्हणून जे काही होतं, ते एकमेकांत होतं.

"अरे बह्याडा," मी देवमनवर ओरडले, "सोडली म्हणायला तुह्या बापाचं काय जात होतं? हा पाह्य, कसा धडधडीत खोटं बोलला!"

शालिकनं खाली मान घालून पोहे खाल्ले.

"ताई, वैदूपाशी खोटं बोलू नाई," देवमन म्हणाला. "खोटं बोलून घेतलं तं औषध लागत नाई. माय सांगे."

"हा वैदू नाही, डॉक्टर हाये."

"मंग डाक्टर मोठा का वैदू?" त्यानं विचारलं.

पुढच्या महिन्यांत मी त्याला आणखी दोनदा त्या खोलीत नेलं. दोनदा तोच प्रश्न आणि तेच उत्तर. दुसऱ्या वेळी मी आधीच सांगून टाकलं, "सोडली त्यानं, डॉक्टर." तर हा शहाणा मागून म्हणतो कसा, "नाई साहेब, ताई माह्या मायेपोटी म्हणते." डॉक्टर हसले. माझी मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली.

शालिक दर महिन्याला रिकामी डबी घेऊन यायचा आणि नवी घेऊन जायचा. सगळं ठीक चाललंय, असं मी समजत होते. देवमनचे पाय सुजायला लागले होते. त्याचे डोळे पिवळे दिसायचे, म्हणून तो दिवसभर अंधाऱ्या कोपऱ्यातच बसायचा.

औषध संपून तीनेक महिने गेले की पुन्हा रक्त तपासतात आणि विषाणू गेला का ते बघतात. तो रिपोर्ट घ्यायला मी आणि शालिक गेलो. डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"जसाच्या तसा आहे व्हायरस. जराही हललेला नाही."

"असं कसं? पूर्ण कोर्स झालाय त्याचा."

"कोर्स झाला असता तर हा रिपोर्ट आला नसता. शंभरात पंचाण्णव लोक बरे होतात या औषधानं." ते शालिककडे वळले. "कितीला विकल्या?"

शालिकनं माझ्याकडे पाहिलं.

"साहेबांना सांग," मी म्हटलं. "विकल्या नाही म्हणून सांग."

तरी तो बोलेना. त्याचा अंगठा नुसता शर्टाचं बटण चाळवत होता. डॉक्टरांनी खांदे उडवले. "बघा लोणारेबाई. मी आधीच म्हणत होतो. या लोकांवर सरकारचा पैसा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

मी त्यांच्याशी भांडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण पंख्याखाली बसलेली नर्स उठून बाहेर गेली एवढं आठवतं. आणि मग परतीच्या ऑटोत मी शालिकवर तोंडसुख घेतलं. "तुह्यासाठी मी त्या माणसाशी कुत्र्यासारखी भांडते, अन् तू तोंडात मूग धरून बसतो? कुठं गेल्या गोळ्या? बोल ना!" ऑटोवाला आरशातून बघत होता.

जिनिंगच्या आवारात, गाठी बांधायच्या जुन्या प्रेसच्या शेडखाली देवमन पोत्यावर टेकून बसला होता. पोट पुढे आलेलं, हातपाय काटकीसारखे. मला बघून तो उठायला लागला, मी त्याला बसवलं. पण माझं तोंड थांबलं नव्हतं.

"विकल्या यानं गोळ्या! इकडं तू असा फुगत चालला, अन् याले मिळालं ते यानं विकून खाल्लं!"

"ताई, त्याले काहून बोलता?" देवमन म्हणाला. "म्या खाल्ल्या."

"काय खाल्ल्या?"

"गोळ्या. अर्ध्या यानं, अर्ध्या म्या."

मी शालिककडे पाहिलं. तो आता पहिल्यांदा बोलला. "बिलेडनं कापत होतो ताई, रोज सकायी. बराबर मधातून. म्या कापे, मंग हा आपली उचले. एकही गोळी वाया नाई गेली."

"पण काहून रे?"

"याले कोनी देत नव्हतं, मंग काय करू?" तो चिडून म्हणाला. जणू चूक माझीच होती. "दोघं अर्धे अर्धे बरे होऊ म्हटलं. थोडाथोडा रोग दोघाईले रायला तं चालते. एकाले सारा रायला तं तो मरते."

मी तिथंच एका उलट्या टोपलीवर बसले. अर्ध्या गोळीनं माणूस अर्धा बरा होत नाही. विषाणू तेवढ्यानं मरत नाही, उलट त्या औषधाला सरावतो. हे मी त्यांना कसं सांगणार होते? मी सांगितलं. शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. शालिक ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा पडत गेला.

"म्हणजे म्या याले बी मारलं?" त्यानं विचारलं.

"तुनं नाई," देवमन घाईनं म्हणाला. "खोटं बोलून घेतली होती ना, म्हणून नाई लागली. म्या म्हटलं होतं तुले."

मला राग आला, पण या दोघांचा नाही. ते आयुष्यात जी एक गोष्ट इमानानं शिकले होते, ती त्यांनी इमानानं केली होती. राग आला तो त्या तीन शब्दांच्या प्रश्नाचा, आणि तो विचारणाऱ्या, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या त्या शांत माणसाचा.

पुढच्या ओपीडीला मी दोघांना घेऊन गेले. देवमनला धड चालवत नव्हतं, म्हणून शालिकनं त्याला पाठुंगळी घेतलं होतं. मी घडलेलं सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत होते. मध्ये त्यांनी खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी काढली, तळहातावर घोटली, चिमूट ओठामागे ठेवली. मग देवमनचं पोट दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहरा जरा बदलला.

"दोघांनाही आता जास्त ताकदीचं औषध लागेल," ते म्हणाले. "इथे मिळत नाही, वरून मागवावं लागतं. पण त्याआधी..." त्यांनी देवमनकडे पाहिलं. "सुई सोडली का?"

"सोडा हो तो प्रश्न!" मी टेबलावर हात आपटला. "शेजारच्या खोलीत तोंडाच्या कॅन्सरची ओपीडी आहे. तिथे खर्रा खाणाऱ्यांची रांग लागलीय बाहेरपर्यंत, निम्म्यांच्या गालात आत्ताही खर्रा आहे. त्यांना कोणी म्हणतं का, सहा महिने खर्रा सोडा, मग कॅन्सरचं बघू? तुमच्याच ओठामागे काय आहे, डॉक्टर?"

दारातले पेशंट आत डोकावले. डॉक्टरांनी कचऱ्याच्या डब्याकडे जाऊन थुंकून टाकलं आणि रुमालानं तोंड पुसलं.

"तुम्ही मर्यादा सोडताय."

"सोडतेच आहे. मला सांगा, सुई न सोडणाऱ्याला औषध देऊ नये, असा नियम कुठे आहे? कोणी काढला? मी त्याच्याशी जाऊन बोलते."

त्यांनी रुमालाची घडी घातली. "नियम असा नाही," ते शेवटी म्हणाले. "पण आम्ही इथे असंच करतो. पुन्हा सुई घेतली की पुन्हा लागण होते, औषध वाया जातं."

"वाया तर गेलंच. तुमच्या एका प्रश्नानं गेलं. दोघांना दोन डब्या दिल्या असत्या, तर आज तुमच्यासमोर दोन बरी माणसं उभी असती. पुन्हा लागण होईल कशानं? ती माझ्याकडून नव्या सुया नेतात, एकमेकांच्या वापरत नाहीत. आणि झालीच, तर पुन्हा द्या! मलेरियाच्या पेशंटला कोणी विचारतं का, पुन्हा डास चावू देशील का म्हणून?"

दारातून कोणीतरी "बरोबर बोलते बाई" म्हणालं. देवमन स्टुलावर बसून धापा टाकत होता. त्यानं हात जोडले, तेही माझ्याकडे बघून. "ताई, साहेबाले नका बोलू. नाई म्हटलं तं नाई म्हणू द्या."

कदाचित त्या हात जोडण्यानं असेल, कदाचित दारातल्या गर्दीनं असेल, डॉक्टरांनी कागद ओढला आणि दोघांसाठी औषधाची मागणी लिहिली. हे मी नाकारणार नाही. त्यांनी त्यानंतर दोनदा वर फोनही केले, माझ्यासमोर.

पण वर म्हणजे वर. कधी साहेब रजेवर असत, कधी साठा संपलेला असे, कधी फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायची राहिलेली असे. शालिक रोज सकाळी केंद्राचं दार उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसायचा. "आलं का ताई?" "नाही रे." मग तो उठून जायचा. देवमनच्या पोटातलं पाणी काढायला त्याला भरती करावं लागलं, मग पुन्हा करावं लागलं. तिसऱ्या वेळी वॉर्डात खाटच दिली नाही, तो व्हरांड्यात झोपला.

औषध आलं तेव्हा उन्हाळा संपत आला होता. या वेळी मी डब्या माझ्याच कपाटात ठेवल्या. रोज सकाळी दोघं यायचे, म्हणजे शालिक यायचा आणि देवमनला आणायचा. मी दोघांच्या हातावर अख्खी अख्खी गोळी ठेवायची आणि चहा द्यायची. ते एकमेकांकडे बघून गोळी गिळायचे. एकही सकाळ चुकली नाही. सुई न सोडणारी माणसं औषध नीट घेत नाहीत म्हणणाऱ्यांना त्या वेळी माझ्या टेबलाशी आणून बसवायला हवं होतं. पुढे तर दोघंही सुईऐवजी आमच्याकडची, नशेची तलफ थांबवणारी जिभेखालची गोळी घ्यायला लागले. कोणी अट घातली नव्हती, दटावलं नव्हतं. रोज यायचंच आहे तर घेऊ, एवढंच.

थंडी गेली आणि रिपोर्ट आले. दोघांच्याही रक्तात विषाणू नव्हता.

मी पेढे आणले. देवमननं पेढा हातात धरला, खाल्ला नाही. त्याला अन्न जात नव्हतं. डॉक्टर खेडीकरांनी मला नंतर बाजूला घेऊन समजावलं, की विषाणू गेला असला तरी यकृतात आता काही उरलेलं नाही, उशीर झाला. उशीर झाला, असं ते म्हणाले. कोणी केला ते म्हणाले नाहीत.

देवमन आखाड लागता लागता गेला. शालिकच्या मांडीवर, त्याच शेडखाली. पाड्यावर निरोप धाडला, तर कळलं की आई केव्हाच वारली होती. शालिकनंच अग्नी दिला.

त्या जुलैच्या शेवटी मोठ्या दवाखान्याच्या सभागृहात हेपेटायटिस दिनाचा कार्यक्रम होता. बऱ्या झालेल्या रुग्णांचा सत्कार आहे म्हणून आम्हाला आग्रहाचं बोलावणं आलं. मी जाणार नव्हते, पण शालिक म्हणाला, "जाऊ ना ताई, देवमनचा सत्कार हाये म्हणे." तो धुतलेला शर्ट घालून आला होता.

स्टेजवर फलक, समया, पाहुणे. डॉक्टर खेडीकर पडद्यावर आकडे दाखवत होते. "सुई घेणाऱ्या रुग्णांमध्ये हे औषध चालतं का, अशी शंका घेतली जाते. आपल्याकडे जास्त ताकदीच्या औषधाच्या दोन अशा केसेस होत्या. दोन्ही पूर्ण बऱ्या. यश शंभर टक्के."

मी जागेवरून उठले. "डॉक्टर, त्यातला एक मेलाय. याच महिन्यात."

सभागृहात कुजबुज झाली. डॉक्टरांनी माईकवर हात ठेवला आणि मान किंचित पुढे करून, अगदी मायेनं म्हणाले, "माहीत आहे, लोणारेबाई. वाईट झालं. पण त्याच्या रक्तात विषाणू नव्हता. हिशेबानं तो बरा होऊनच गेला. आकडा चूक नाही."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. ते खोटं बोलत नव्हते. मी उभी होते आणि माझ्या तिखट जिभेला एक शब्द सापडत नव्हता.

तेवढ्यात निवेदिकेनं शालिकचं नाव पुकारलं. बरा झालेला रुग्ण आपलं मनोगत सांगेल, असं ती म्हणाली. शालिक पायऱ्या चढून गेला. कोणीतरी त्याच्या हातात गुच्छ दिला, माईक त्याच्या उंचीला खाली केला. त्यानं सभागृहाकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"पयल्याच दिवशी तुमी दोघाईले दोन डब्या देल्या असत्या, साहेब," तो म्हणाला, "तं आज आमी दोघं आलो असतो. म्या खोटं बोललो तं मले देल्या. तो खरं बोलला तं मेला."

एवढं बोलून त्यानं नमस्कार केला.

निवेदिका हसून "धन्यवाद, धन्यवाद" म्हणाली, आणि दर भाषणानंतर वाजत होत्या तशाच सभागृहात टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेतले पाहुणे वाजवत होते, मागच्या रांगेतल्या नर्सिंगच्या मुली वाजवत होत्या. डॉक्टर खेडीकरही वाजवत होते.